पेरिप्लसमध्ये नसलेले जुन्नर : बाजाराची मागणी ओळखण्याचा इतिहास, नाणेघाट ते गूगल ट्रेंड्स

१.
इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका निनावी ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बाजारपेठांची एक माहितीपुस्तिका लिहिली. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, तेथून काय उचलावे आणि प्रवासाला केव्हा निघावे, हे तीत नोंदलेले आहे. आज ती ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ओळखली जाते. त्या काळातील मागणीचा इतका तपशीलवार अहवाल दुसरा क्वचितच सापडेल.

२.
या अहवालात जुन्नरचे नाव नाही. आज जुन्नर-आंबेगावातील एखादा तरुण आपल्या तांत्रिक सेवेला गिऱ्हाईक किती आहे हे पाहण्यासाठी गूगल ट्रेंड्स उघडतो, तेव्हा त्यालाही आपल्या भागाच्या जागी बहुधा कोरा पडदाच दिसतो. दोन हजार वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कोऱ्या जागा कशा वाचाव्यात, याचा हा धागा.

३.
प्रथम पेरिप्लसने काय पाहिले ते पाहू. बॅरिगाझा, म्हणजे भरुच, येथे द्राक्षमद्य खपते आणि त्यातही इटलीच्या मद्याला अधिक पसंती आहे. तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच यांना उठाव आहे. सोन्यारुप्याची नाणी स्थानिक चलनात बदलल्यास नफा होतो. परतीच्या मालात हस्तिदंत, अकीक, सुती कापड, पिंपळी. दख्खनमधील मोठ्या पेठा म्हणून दोन नावे दिली आहेत : पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर.

४.
कल्याणविषयीची नोंद अधिक बोलकी आहे. थोरल्या सारगनसच्या काळात हे बंदर व्यापारास खुले होते. पुढे सँडनीसच्या ताब्यात गेल्यावर तेथे अडथळे आले आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचकडे नेली जाऊ लागली, असे लेखक सांगतो. म्हणजे कल्याणात ग्रीक माल उतरेनासा झाला, याचे कारण तेथील गिऱ्हाईक आटले हे नव्हे. वाट अडवली गेली होती. आकडा पडला की मागणी पडली, असा निष्कर्ष काढण्याची घाई त्या काळीही अंगाशी आली असती.

५.
आता कल्याणहून घाटावर चढू. कोकणातून जुन्नरकडे येणारी जुनी वाट नाणेघाटातून जाते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे यांची त्यात संख्यांसह मोजदाद आहे. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे. लेण्याबाहेरील दगडी रांजणात येणाऱ्याजाणाऱ्यांची जकात टाकली जाई, असे परंपरा सांगते.

६.
घाटमाथ्यावरून जुन्नरला आले की लेण्यांची रांगच लागते : तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री. एकाच गावाभोवती शंभराहून अधिक लेणी आहेत. ती कोणी कोरविली हे दानलेख सांगतात. त्यांत वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, अशीही नोंद आहे.

७.
याच दानलेखांत तीन यवनांची नावे आहेत : इरिल, चिट आणि चंद. यवन म्हणजे ग्रीक किंवा ग्रीकांशी संबंधित पाश्चात्त्य लोक, असे सामान्यतः मानले जाते. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करविले. ज्या पेठेचा ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तिकेत उल्लेख नाही, त्या पेठेत यवन दाते दगडावर आपले नाव कोरून गेले.

८.
असे का झाले? पुस्तिका लिहिणारा बंदरात उभा राहून पाहत होता. जहाजातून उतरणारा माल त्याच्या डोळ्यांसमोर होता, घाटापलीकडची पेठ नव्हती. जुन्नरची उलाढाल त्याच्या नोंदीत पैठण, तगर आणि भरुच यांच्या नावांखाली झाकली गेली. लहान जागेची मागणी मोठ्या जागेच्या आकड्यात विरघळते, हा मोजणीचा जुना दोष आहे. तो मोजणाऱ्याच्या जागेतून येतो.

९.
पुढील मुक्काम थेट आधुनिक काळात, जुन्नरपासून जवळच्या नारायणगावात. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावाला ‘तमाशापंढरी’ म्हणतात. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या येथे लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. सेवा देणारे एका जागी, सेवा शोधणारे त्यांच्याकडे चालत येणारे, आणि समोरासमोर ठरणारा भाव, अशी ही पेठ आहे.

१०.
या पेठेत भाव तिथीवर चढतो. एकाच तिथीला अनेक गावांच्या यात्रा आल्या की फड तेवढेच राहतात आणि मागणारे वाढतात. मग सुपारीची रक्कम वर जाते. आडवाराचा खेळ मात्र स्वस्तात ठरतो. कोणत्या दिवशी किती गावे विचारायला येतील, हे फडमालकाला पंचांगावरून आणि अनुभवावरून ठाऊक असते. मागणीचा आलेख त्याच्या डोक्यात असतो आणि तो प्रत्यक्ष विचारणाऱ्यांवरून काढलेला असतो.

११.
शोधयंत्रावरील जाहिरातीचा पाया हाच आहे. १९९८ साली ‘गोटू डॉट कॉम’ या अमेरिकी संकेतस्थळाने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला : अमुक शब्द कोणी शोधला तर आपले नाव वर दिसावे, यासाठी जाहिरातदाराने बोली लावायची आणि कोणी त्या नावावर क्लिक केले तरच पैसे मोजायचे. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांसह ‘ॲडवर्ड्स’ सुरू केले. ज्या शब्दाला मागणारे जास्त, त्याची बोली चढी. यात्रेच्या तिथीचाच हा न्याय.

१२.
हे जाळे भारतात ज्या संस्थेमार्फत आले, तिचा जुन्नर तालुक्याशी जुना संबंध आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र उभे राहिले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव आहे. परदेशांशी होणारे दूरध्वनी आणि तारा तेथून उपग्रहामार्फत जात. हे काम पुढे १९८६ साली स्थापन झालेल्या विदेश संचार निगमाकडे आले. याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली.

१३.
मे २००६ मध्ये गूगलने ‘ट्रेंड्स’ हे साधन सर्वांसाठी खुले केले. एखादा शब्द कोणत्या काळात, कोणत्या प्रदेशात अधिक शोधला गेला, याचा आलेख ते काढते. एका वेळी पाच शब्दांची तुलना करता येते. तांत्रिक सेवा विकणाऱ्यास यातून तीन गोष्टी कळू शकतात : मागणीचा हंगाम, मागणीचा प्रदेश आणि गिऱ्हाईक वापरते ते शब्द.

१४.
मात्र या आलेखातील आकडा शोधांची संख्या सांगत नाही. साधन शोधांचा केवळ एक नमुना घेते, त्या प्रदेशातील एकूण शोधांशी त्याचे प्रमाण काढते आणि सर्वांत उंच बिंदूला १०० मानून बाकीचे बिंदू मांडते. म्हणून १०० म्हणजे शंभर माणसे नव्हेत. आणि ज्या शब्दाचे शोध फार थोडे, तो शून्य म्हणून दिसतो. शून्याचा अर्थ ‘कोणी विचारले नाही’ असा नसून ‘मोजण्याइतके विचारले नाही’ असा आहे.

१५.
शिवाय हे साधन भारतासाठी राज्य आणि शहर अशी विभागणी दाखवते; तालुका हे एकक तेथे नाही. जुन्नर आणि आंबेगाव यांची मागणी पुण्याच्या मोठ्या आकड्यात विरघळते. पेरिप्लसच्या लेखकाप्रमाणे हे साधनही जणू बंदरात उभे राहून पाहते.

१६.
नावाचाही घोळ आहे, आणि आंबेगावइतके त्याचे चांगले उदाहरण दुसरे नसेल. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव; मोठी बाजारपेठ मंचर. इकडे पुणे शहरात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक ही दाट वस्ती आहे. ‘आंबेगाव’ हा एवढाच शब्द घेऊन जाहिरातीवर खर्च करणारा मंचरचा व्यावसायिक कात्रजच्या क्लिकचे पैसे भरत राहील. मंचर, घोडेगाव, कळंब अशी गावांची नावे घेणे आणि जाहिरातीचा भौगोलिक परीघ आखून देणे, हाच त्यावरचा उपाय.

१७.
लिपी आणि लेखन यांचाही फरक पडतो. ‘नारायणगाव’, ‘नारायणगांव’ आणि रोमन लिपीतील त्याची रूपे हे यंत्राच्या लेखी वेगवेगळे शब्द आहेत. अधिकचे चिन्ह घालून ते एकत्र मोजता येतात. ते न करणारा आपली मागणी तुकड्यातुकड्यांत पाहतो आणि प्रत्येक तुकडा शून्य मानतो. प्राचीन लेखांतील कलियण आणि ग्रीकांचे कॅलिएना हे एकच कल्याण, हे ओळखणारा इतिहासाचा विद्यार्थी ही चूक सहसा करणार नाही.

१८.
शब्दाची निवड किती गंभीर असू शकते, हे या दोन तालुक्यांतील रात्रींवरून कळते. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने येते. रात्रपाळी आली की शेतकऱ्याला मोटर चालू करायला विहिरीवर जावे लागते, आणि उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर आहे. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करण्याची सोय येथे केवळ चैनीची वस्तू नाही. पण ती विकणारा ‘स्मार्ट इरिगेशन ऑटोमेशन’ असे लिहीत असेल आणि शेतकरी ‘मोबाईल स्टार्टर’ असे शोधत असेल, तर दोघांची गाठ पडत नाही. ज्याला त्या रात्री त्या सोयीची गरज होती, तो बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतो.

१९.
उलट बाजूही लक्षात ठेवावी. शोधांवरून वास्तव ओळखण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे २००८ साली सुरू झालेले ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’. लोक फ्लूविषयी काय शोधतात यावरून साथीचा अंदाज बांधायचा, ही त्यामागची कल्पना. २०१२-१३ च्या हंगामात त्याने अमेरिकेतील साथ प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी दाखवली आणि २०१५ मध्ये ते बंद झाले. बातम्या वाचून घाबरलेला निरोगी माणूसही फ्लूविषयी शोधतो. तसेच एखाद्या यंत्राविषयी कुतूहलाने शोधणारा प्रत्येक जण ते विकत घेणारा नसतो.

२०.
मग जुन्नरसारख्या पेठेतील व्यावसायिकाने काय करावे? इतिहासकार जे करतो तेच : एका साधनावर विसंबू नये. पेरिप्लस, दानलेख, नाणी, उत्खननातील खापरे यांचा मेळ घातला तेव्हाच प्राचीन जुन्नर दिसू लागले. येथे ट्रेंड्सवरून हंगामाची दिशा पाहावी; ‘कीवर्ड प्लॅनर’वरून शब्दांचे मासिक शोध आणि बोलीचा अंदाज घ्यावा; ‘सर्च कन्सोल’वरून आपल्याच संकेतस्थळापर्यंत लोक कोणते शब्द टंकून पोचले, हे वाचावे.

२१.
शेवटचे साधन यंत्राबाहेरचे आहे. दुकानात आलेल्या किंवा दूरध्वनी केलेल्या प्रत्येकाला ‘आमचे नाव कसे कळले आणि तुम्ही काय म्हणून शोधत होता’ हे विचारून वहीत त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. द्राक्षाच्या छाटणीत, टोमॅटोच्या हंगामात, कांद्याच्या लागवडीत ही उत्तरे कशी बदलतात, हे एका वर्षाच्या वहीत दिसू लागते. घाटावरची मोजणी घाटावर उभ्या असलेल्यानेच करावी लागते.

२२.
तरीही वहीत सगळे येत नाही. लेण्यांच्या भिंतींवर दान देऊ शकणाऱ्यांची नावे आली. नाणेघाटातून पाठीवर माल वाहून आणणाऱ्यांची आली नाहीत. तसे, ज्याच्या हाती चांगला फोन नाही, ज्याच्या वाडीत जाळे पोचत नाही, भीमाशंकरच्या अंगाला राहणाऱ्या त्या माणसाची गरज कोणत्याही आलेखात उमटत नाही. आठवडे बाजारात त्याच्याशी बोलल्याशिवाय ती कळणार नाही.

२३.
पेरिप्लसवर विश्वासून घाट न चढलेल्या व्यापाऱ्याच्या लेखी जुन्नर शून्य राहिले असेल. इरिल, चिट आणि चंद येथवर आले, येथे राहिले आणि त्यांनी पाण्याची टाकी, भोजनमंडप आणि लेण्याचे दर्शनी काम मागे ठेवले. नोंदीत नसलेली पेठ कोणाला सापडते, याचे उत्तर जुन्नरच्या दगडावर त्यांच्या नावांनिशी कोरलेले आहे.