पदकसंग्रह, लष्करी
युद्धातील कामगिरीबद्दल दिलेल्या पदकांचा पद्धतशीर संग्रह व अभ्यास. हा विषय नाणकशास्त्राला निकटचा आहे. तथापि पदकाचे मोल धातूपेक्षा ते कोणास व कशाबद्दल मिळाले, यावर अधिक अवलंबून असते. म्हणून मूळ पदक व नंतरची प्रतिकृती यांतील भेद ओळखणे, हा या संग्रहाचा पाया होय.

ईस्ट इंडिया कंपनीने १७७८–८४ मधील मोहिमांबद्दल हिंदी सैनिकांना दख्खन पदक दिले. त्यावर फार्सी लेख आहे. श्रीरंगपट्टणच्या पाडावाप्रीत्यर्थ (४ मे १७९९) काढलेल्या पदकावर एका बाजूस वाघाला नमविणारा सिंह, तर दुसऱ्या बाजूस किल्ल्यावरील हल्ल्याचे दृश्य आहे. बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीत ते हुद्द्यानुसार सोने, चांदी, ब्राँझ इ. धातूंत पाडण्यात आले. शिपायांच्या वाट्यास कथिलाचे पदक आले. या पदकांवर टाकसाळीत नाव घातले जात नसे. १८१५ च्या वॉटर्लू पदकाच्या कडेवर मात्र सर्व हुद्द्यांच्या सैनिकांची नावे ठोकण्यात आली.

१८५१ मध्ये मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८०३–२६ मधील लढायांसाठी होते. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी बसवीत. अशा एकवीस पट्ट्यांत असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, नागपूर व कोरेगाव यांचा समावेश होतो. ते त्या वेळी हयात असलेल्यांनाच मिळाल्याने असईसारख्या जुन्या लढाईची पट्टी असलेली पदके दुर्मिळ आहेत.

प्रतिकृती मुख्यतः तीन प्रकारच्या असतात : मूळ ठशांवरून नंतर पाडलेल्या, साच्यात ओतलेल्या आणि स्मरणार्थ नव्या ठशांनी काढलेल्या. ओतीव प्रत धातूच्या आकुंचनामुळे मुळापेक्षा किंचित लहान भरते व तिच्या पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात. मूळ ठशांवरील प्रत ओळखणे अधिक कठीण असते. तेथे वजन, कड, कडी व ठशावरील तडे तपासावे लागतात. प्रतिकृती म्हणून उघडपणे विकलेली वस्तू निर्दोष असते. ती मूळ म्हणून खपविणे ही फसवणूक होय. खऱ्या पदकाची कड घासून दुसरे नाव कोरणे किंवा जादा पट्टी जोडणे, हेही प्रकार आढळतात. त्यांच्या निर्णयासाठी नाव, पलटण व पट्टी यांचा लष्करी पदकपटांशी मेळ घालतात.

सामान्य शिपायाने दप्तरे किंवा आठवणी क्वचितच मागे ठेवल्या. पुष्कळदा कडेवरील नाव हाच त्याच्या सेवेचा हाती उरलेला पुरावा असतो. ते घासले गेल्यास पदक संग्रहात राहते, परंतु इतिहासाचा दाखला कायमचा नष्ट होतो.