चुऱ्याची कुळकथा

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले म्हणजे मला वाटते, इतिहास शिकवायला याच्याइतके सोपे पुस्तक दुसरे नसेल. शंकरपाळ्याचे मूळ नाव शकरपारा, ते फारसी. नानखटाईतला ‘नान’ इराणचा, आणि ‘खटाई’ म्हणजे खताई, चीन देशाचे जुने नाव, असे जाणकार सांगतात. चिवड्यातले शेंगदाणे आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. ही मंडळी केव्हा आली, कोणाबरोबर आली, हे आपण कधी विचारले नाही. पाट मांडला, पाणी दिले आणि घरचीच करून टाकली.

मागच्या दिवाळीत आमच्या अमरावतीच्या घरी या ताटात एक नवा पाहुणा आला. माझी मुलगी अकरावीत आहे. सहामाही परीक्षा संपली त्या संध्याकाळीच तिने जाहीर केले, “आई, यंदा मी ॲपल क्रम्बल करणार.” क्रम्बल म्हणजे चुरा. खाली सफरचंदाच्या फोडी, वर पीठ-लोणी-साखरेचा चुरा, आणि ते सारे भट्टीत भाजायचे. विलायती घरांतला अगदी साधा गोड पदार्थ.

त्याच दिवशी माझी आई अकोल्याहून आली होती. बडनेऱ्याला उतरून, अनारशाच्या पिठाचा डबा मांडीवर सांभाळीत रिक्षाने घरी पोचली. सफरचंदे चिरताना पाहून म्हणाली, “काय वं बाई, सेबाची भाजी करून राह्यल्या काय तुमी?”

“भाजी नाही गं आजी, भाजायचं आहे ते,” नात म्हणाली.

“सेब भाजाचे? अशानं तं बिमार मानसाले काय देसान?”

आईचे म्हणणे खोटे नव्हते. वऱ्हाडात सफरचंद हे कित्येक वर्षे दवाखान्यात न्यायचे फळ होते. आमची फळे म्हणजे मोर्शी-वरुडची संत्री, बांधावरची बोरे, रानातली सीताफळे. नाव ‘सफरचंद’ कितीही गोंडस असले, तरी तेही बाहेरचेच. अरबीत बिही या फळाला ‘सफरजल’ म्हणतात, त्याचेच हे रूप. फळाचे मूळ घर मध्य आशियात, तिएनशान पर्वताच्या उतारावर. तेथे सफरचंदाची रानटी झाडे अजून आहेत, आणि कझाकस्तानातल्या अल्माटी शहराच्या नावातही ‘अल्मा’ म्हणजे सफरचंद हा शब्द आहे. तिथून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ते पश्चिमेला गेले, युरोपातून अमेरिकेत गेले, आणि अमेरिकेतून पुन्हा हिंदुस्थानात आले. १९०४ साली फिलाडेल्फियाहून सॅम्युअल स्टोक्स नावाचा एक तरुण महारोग्यांची सेवा करायला शिमल्याकडच्या डोंगरांत आला आणि कोटगढला स्थायिक झाला. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतून सफरचंदाची ‘डेलिशस’ जातीची रोपे आणून लावली. असहकाराच्या चळवळीत १९२१ साली तो तुरुंगात गेला. पुढे १९३२ साली हिंदू होऊन सत्यानंद झाला. हिमाचलच्या बागांतून सफरचंदांच्या ज्या पेट्या दिवाळीच्या आधी अमरावतीच्या बाजारात उतरतात, त्यांचा उगम त्याच्या बागेत आहे.

फळाचे असे झाले. भाजण्याचे काय? भट्टी म्हटली की आपल्याला ते साहेबाचे काम वाटते. पण वऱ्हाडी माणसाला भाजणे कोणी शिकवायला नको. बहिरमच्या यात्रेत जाऊन पाहावे. गोवऱ्यांचा विस्तव पसरलेला असतो आणि त्यात कणकेचे घड्यांवर घड्या घातलेले जाड रोडगे भाजत असतात. वर राख, खाली निखारा. भाजून निघाले की फडक्यात झटकायचे, फोडायचे, तूप सोडायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पळसाच्या पानांत दाबून भाजले तर ते पानगे. कोकणातल्या बायका धोंडस करतात तेव्हा पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात, तीही भट्टीच. आणि उरलेला रोडगा कुस्करून त्यात गूळ-तूप घातले म्हणजे झाला मलिदा. तेव्हा फरक एवढाच की, आपण भाजून चुरतो आणि विलायतेत चुरून भाजतात.

या विलायती चुऱ्याची कुळकथा तशी फार जुनी नाही. इंग्लंडातला जुना मानाचा पदार्थ म्हणजे पाय. फळावर लाटलेल्या पिठाचे जाड आवरण, पुष्कळदा खालूनही तसेच. त्याला लोणी किंवा चरबी सढळ हाताने लागते. दुसरे महायुद्ध आले, बोटी बुडू लागल्या, आणि ८ जानेवारी १९४० पासून इंग्लंडात लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांवर रेशन बसले. लोणी माणशी आठवड्याला कधी कधी अवघे पाच-साडेपाच तोळे. साखर पुष्कळदा पाव किलोच्या आतच. १९४० ते १९४३ अन्नखात्याचे मंत्री होते लॉर्ड वुल्टन. बायाबापड्यांना आहे त्यात कसे भागवावे हे शिकवण्यासाठी या खात्याने पत्रके काढली, रेडिओवरून पाककृती सांगितल्या. सफरचंदे मात्र परसात होती, त्यांना रेशन नव्हते. मग लाटलेले आवरण गेले आणि त्या जागी थोड्या लोण्यात चोळलेल्या पिठाचा चुरा आला. क्रम्बल घरोघर पोचले ते या टंचाईच्या दिवसांत. रेशन पुरते उठायला ४ जुलै १९५४ उजाडले. तोवर एक पिढी या चुऱ्यावर वाढली होती. आज ते लोक हा पदार्थ पाहुण्यांपुढे अभिमानाने ठेवतात आणि युद्धातल्या आजीची गोष्ट सांगत खातात.

हे लॉर्ड वुल्टन मूळचे सॅल्फर्डचे, म्हणजे मँचेस्टरला अगदी लागून असलेल्या गावचे. मँचेस्टर म्हटले की वऱ्हाडी माणसाचे कान टवकारतातच. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. मजूर घरी बसले, धर्मादाय अन्नावर जगू लागले. त्यांच्या गिरण्या चालाव्यात म्हणून सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात आमच्याकडे आगगाडी आली. १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला स्वतः लॉर्ड मेयो आला होता. एकाच्या उपासमारीने दुसऱ्याला भाव येतो, हा धडा वऱ्हाडाने तेव्हा घेतला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात, शेतांत कापूस पिकवणारी तीच माणसे दाण्याला महाग झाली.

असो. मुलगी खोळंबली होती.

कृती अगदी सोपी आहे. अर्धा किलो सफरचंदांच्या साली काढून जाडसर फोडी केल्या, त्यांवर अर्धे लिंबू पिळले, दोन चमचे साखर आणि चिमूटभर दालचिनीची पूड घातली. तूप लावलेल्या भांड्यात त्या पसरल्या. आता चुरा. वजनाने कणीक दोन भाग, लोणी एक भाग, साखर एक भाग, असा विलायती हिशेब. आम्ही दीडशे ग्रॅम कणीक, पंचाहत्तर ग्रॅम थंड घट्ट लोणी घेतले, आणि साखरेऐवजी तितकाच किसलेला गूळ, कारण घरात तो उत्तम होता.

मुलगी पीठ मळायला निघाली तेव्हा आईने तिचा हात धरला. “मळू नको वं. चोळ. मोहन घातल्यावानी.”

आणि माझ्या लक्षात आले की, जे मी पुस्तकात वाचून समजून घेत होते ते आईच्या बोटांना आधीच ठाऊक होते. करंजीच्या, शंकरपाळ्याच्या पिठाला आपण मोहन घालतो ते याचसाठी. स्निग्धाचा लेप कणाकणाला बसला की पिठाला चिवटपणा येत नाही, आणि पदार्थ खुसखुशीत होतो. लोणी हाताच्या उबेने वितळले की चुऱ्याचा लगदा होतो, म्हणून बोटांच्या टोकांनीच चोळायचे. परीक्षाही तीच. मूठ वळली की मुटका व्हावा, आणि बोटाने टोचला की सुटावा. हा चुरा फोडींवर दाबून न बसवता मोकळा भुरभुरायचा. मग विजेच्या भट्टीत १८० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे. कडेने रस बुडबुडू लागला आणि वरचा रंग बदामी झाला की काढायचे आणि दहा मिनिटे निवू द्यायचे. भट्टी नसेल त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, आत तिवई ठेवून, वर घट्ट झाकण घालून करावे. वेळ अधिक लागतो एवढेच.

मुलीने पहिली वाटी आजीला दिली. आईने वरचा चुरा चमच्याने उचलला, तोंडात टाकला, आणि चावता चावता थांबली.

“कशी झाली आजी?”

“ही तं सुकडी होय,” आई म्हणाली. वाटी खाली ठेवून ती उठली आणि देवघरात वाती वळत बसली.

सुकडी हा शब्द मला ठाऊक होता. गुजरातेत सुखडी म्हणून तुपातली वडी करतात. पण आईच्या तोंडून तो मी कधीच ऐकला नव्हता. रात्री मुलगी निजल्यावर ती आपण होऊन बोलली.

१९७२ साली ती बारा वर्षांची होती. बाळापूर तालुक्यात आजोबांची कोरडवाहू शेती. पाऊस गेला, ज्वारी गेली, विहिरीने तळ दाखवला. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे, तीही पुरत नसे. शेवटी माझी आजी आणि आई पाझर तलावाच्या कामावर गेल्या. आपल्या गावच्या नव्हे, तीन कोस दूरच्या, कारण तिथे ओळखणारे कोणी नव्हते. आजी माती वाही, आई लहान भावाला सांभाळी. दुपारी पोरांना सुकडी वाटत. भाजलेले भरड पीठ, गूळ, जरासे तेल, मूठ-मूठ. आई अर्धी खाई आणि अर्धी ओच्यात बांधून घरी आणी, म्हाताऱ्या पणजीसाठी.

“मंग बाबानं सांगतलं, कोनाजवळ बोलाचं नाई. आपल्या घरचं मानूस कामावर गेलं, असं लोकाईनं म्हनाले नाई पायजे. माह्या लगनातबी कोनी इचारलं तं बाबा म्हने, आमच्या घरच्या बाया कामावर गेल्याच नाई. तुह्या बापालेबी म्या सांगतलं नाई कधी.”

मी गेली कित्येक वर्षे शाळेत १९७२ चा दुष्काळ शिकवते आहे. फळ्यावर लिहिते: १९७३ च्या मे महिन्यात सरकारी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे, मुख्यमंत्री आमच्या पुसदचे वसंतराव नाईक, रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, १९७७ साली राज्याचा कायदा, आणि २००५ साली त्याच वाटेने सबंध देशाचा. मुले उतरून घेतात, मी पुसून टाकते. त्या पन्नास लाखांत दोन माझ्या घरच्या असतील, आणि शेजारी भाऊ घेऊन बसलेली मुलगी माझी आई असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

लाज कशाची वाटली आजोबांना? त्या कामांतून झालेल्या तलावांचे पाणी पुढे पुष्कळ शेतांना लाभले. सुकडीने पोरे जगली. विलायतेतल्या बाईने टंचाईतला चुरा ताटात मिरवला. आमच्या बाईने तो ओच्यात लपवला आणि पन्नास वर्षे गाठ सोडली नाही. पदार्थ दोन्ही सारखेच. पीठ, गोड, स्निग्ध. एकाला नाव मिळाले, दुसऱ्याचे नाव घ्यायचीसुद्धा चोरी झाली. भूक ही काही कोणाच्या कुळाचा डाग नव्हे, हे शिकवायला मला माझ्याच घरी एवढा उशीर झाला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात भाजलेल्या कणकेचा वास. आई परातीत गूळ चोळत होती. मी काही विचारले नाही. संध्याकाळी फराळाच्या ताटात करंजी, चकली, अनारसा, मुलीचे क्रम्बल, आणि त्याच्या शेजारी एका वाटीत ती.

शेजारच्या काकू फराळाला आल्या. मूळच्या दर्यापूरकडच्या, आईपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी वाटी उचलून पाहिली. “हे काय होय वं?”

मी बोलणार तोच आई म्हणाली, “सुकडी. बहात्तरची.”

काकूंनी चिमूटभर तोंडात टाकली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग वाटी पुढे करून म्हणाल्या, “घाल अजून जराशी. आमीबी खाल्ली हाये.”