क्ष-किरणांच्या चढउतारांवरून कृष्णविवराचं वस्तुमान कसं कळतं?

काही दीर्घिकांचा मध्यभाग त्यांच्यातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशापेक्षाही प्रखर असतो. या सक्रिय दीर्घिका. त्यांच्या केंद्रात लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं आणि त्यात पडणारा वायू चकतीसारखा फिरत तापतो. चकतीच्या आतल्या भागाजवळ अतितप्त, विरळ वायू असतो. त्याला करोना म्हणतात (विषाणूशी संबंध नाही, सूर्याच्या करोनावरून आलेलं नाव). क्ष-किरण मुख्यतः इथूनच निघतात, आणि त्यांची तीव्रता सतत कमी-जास्त होते.

हे चढउतार किती वेगानं होतात, यालाच महत्त्व आहे. मोठ्या मैदानात सगळ्यांनी एकाच क्षणी टाळी वाजवली, तरी लांबच्या टोकाचा आवाज उशिरा पोचतो आणि टाळी पसरट ऐकू येते. प्रकाशाचंही तसंच. स्रोताची तीव्रता तासाभरात दुप्पट होत असेल, तर त्याचा आकार प्रकाश तासाभरात कापतो त्या अंतराहून, म्हणजे सुमारे 108 कोटी किलोमीटरहून, फार मोठा असू शकत नाही. सूर्य ते शनी हे अंतरही याहून जास्त आहे! एवढ्याशा जागेतून अख्ख्या दीर्घिकेला मागे टाकणारी ऊर्जा निघते, हा कृष्णविवराच्या बाजूचा भक्कम पुरावा मानला जातो.

कृष्णविवर जितकं जड, तितका त्याचा पसारा मोठा आणि चढउतार संथ. इयन मॅकहार्डी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं, की वस्तुमान आणि वायू गिळण्याचा वेग लक्षात घेतला, तर काही सूर्यांइतक्या छोट्या कृष्णविवरांना आणि या महाकाय कृष्णविवरांना एकच नियम लागू पडतो. त्यामुळे चढउतारांवरून वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण वाटेत आलेला वायूचा ढगही क्ष-किरण मंद करतो.

चढउतारांत ठरावीक ताल शोधणं त्याहून अवघड. अनियमित चढउतारांतही योगायोगानं ताल भासतो, त्यामुळे अशा दाव्यांकडे संशयानं पाहिलेलंच बरं. ‘आरई जे1034+396’ या दीर्घिकेत 2007 च्या निरीक्षणांत सुमारे एक तासाचा ताल सापडला. 2018 मध्ये तो पुन्हा दिसला, तेव्हा या दाव्याला बळ मिळालं.

वातावरण क्ष-किरण अडवतं, म्हणून ही निरीक्षणं अवकाशातूनच करावी लागतात. युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ची कक्षा सुमारे 48 तासांची आहे, त्यामुळे ती एकाच दीर्घिकेकडे सलग तासन्‌तास पाहू शकते. भारताची ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ 2015 पासून सुमारे 650 किलोमीटर उंचीवर फिरते. तिच्या क्ष-किरण उपकरणांच्या निर्मितीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. इतक्या खालच्या कक्षेत बहुतेक वेळा दर फेरीत पृथ्वी मध्ये येते आणि नोंदींत खंड पडतो. ते खंड धरूनच गणित करावं लागतं.