दारावरची टकटक



तास रंगात आला असताना दार वाजले की काय वाटते, ते शिक्षकालाच ठाऊक. आमच्या शाळेत शिपाईमामा नोटीस घेऊन यायचे. कवितेचा धागा तुटायचा आणि मी मनातल्या मनात चरफडायची. म्हणूनच वॉरेन जॉन्सन या माझ्या व्यवसायबंधूची हकीकत वाचून मला जवळची वाटली.

हे गृहस्थ अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी अध्यापक विद्यालयात शिकवत. तिकडची थंडी कडाक्याची. ऊब कमी-जास्त करायच्या झडपा तळघरात. रखवालदार तास चालू असतानाच वर्गात यायचा, तापमान बघायचा आणि खाली जाऊन झडप फिरवायचा. जॉन्सन या व्यत्ययाला कंटाळले. १८८३ मध्ये त्यांनी एका विजेच्या उपकरणाचे पेटंट घेतले. तापमान बदलले की तळघरात घंटी वाजायची. रखवालदाराचे वर्गात येणे थांबले, पण झडप त्याच्याच हाती राहिली.

१८८५ मध्ये मिलवॉकी शहरात त्यांची कंपनी उभी राहिली. पुढे १८९५ मध्ये त्यांनी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्यवस्थेचे पेटंट घेतले. आता प्रत्येक खोलीचे तापमान वेगळे राखता येऊ लागले.

अशा यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. भिंतीवरच्या डबीत धातूची पट्टी असते. उष्णतेने ती वाकली की बारीक छिद्रातून निसटणारी हवा कमी-जास्त होते आणि नळीतला दाब बदलतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला रबरी पडदा असतो. दाब वाढला की पडदा दांडा ढकलतो आणि झडप फिरते. दाब उतरला की स्प्रिंग तिला मूळ जागी आणते. आता नव्या इमारतींत हे काम बहुधा विजेच्या मोटरी करतात, तरी जुन्या इमारतींत हवेवरच्या झडपा अजून आढळतात.

म्हणजे आधी वर्गातले पाऊल गेले, मग झडपेवरचा हात. शिक्षक म्हणून मला हायसे वाटले, आणि लगेच शिपाईमामा आठवले. एकदा सही झाल्यावरही ते दारातच उभे. मी जरा तुसडेपणानेच विचारले, "अजून काही आहे का?"

"नाही बाई. पुढचं कडवं राहिलं ना, म्हणून थांबलो."

त्यानंतर दार वाजल्यावर मी कधीच चरफडले नाही, असे नाही. पण मामा आले की पुढचे कडवे जरा मोठ्याने म्हणू लागले.

असो.