मागचे केस पुढे

"मागचे केस आहेत, आयुष्यभर टिकतील," असं डॉक्टर म्हणाले होते. हेअर ट्रान्सप्लांटनंतर दीड वर्षात ते गळू लागले. सोबत खाज, आग, मुळांभोवती लाली. बायोप्सीत निघालं लायकेन प्लानोपिलॅरिस: केसांची मुळं नष्ट करून तिथे व्रण सोडणारा दाह.

हे 'आयुष्यभर' आलं कुठून, ते मी शोधत गेलो. १९३९ साली जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी भाजून केस गेलेल्या जागी केसांसकट त्वचेचे छोटे गोल तुकडे बसवले. म्हणजे सुरुवातच व्रण झाकण्यापासून झाली! महायुद्धाच्या धामधुमीत ते काम पश्चिमेला कळलंच नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये निष्कर्ष छापला: केसाची जागा बदलली तरी त्याचा मूळ स्वभाव बदलत नाही. अख्खा धंदा याच गृहीतकावर उभा आहे.

ते खरंच आहे, पण हार्मोनमुळे पडणाऱ्या टकलापुरतं. माझ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते. तिला मागचा केस काय नि पुढचा काय! २००५ मध्ये कोसार्ड आणि शील यांनी ट्रान्सप्लांटनंतर उद्भवलेला याच जातीचा आजार नोंदवला होता.

शस्त्रक्रियेच्या जखमेने तो जागा झाला, की आधीपासूनच होता? आता सांगता येणार नाही. आधी माझं डोकं कुणी भिंगाखाली पाहिलंच नव्हतं. रोज इतरांच्या कोडमधली गृहीतकं तपासणाऱ्या मीही विचारलं नाही.

औषधं चालू आहेत. उरलेल्या केसांसाठी. गेलेले परत येत नाहीत.