वंशावळ बनवताय? आधी कोणत्या नातेवाइकांचा शोध घ्यायचा?

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली तीस-चाळीस नावं झटपट भरली जातात. मग काम अडतं. जिकडे पाहावं तिकडे रिकाम्या चौकटी, आणि आधी कोणती भरायची हेच कळत नाही.

गणित साधं आहे. आई-वडील 2, आजी-आजोबा 4, पणजी-पणजोबा 8 आणि त्यांच्या मागची पिढी 16. म्हणजे चारच पिढ्यांत 30 थेट पूर्वज. त्यांची भावंडं धरली तर आकडा शेकड्यांत जातो. सगळ्यांचा शोध एकाच वेळी घेता येत नाही. म्हणून जी माहिती आधी हातातून जाईल, ती आधी मिळवायची.

1. घरातली सर्वांत ज्येष्ठ माणसं

सरकारी दप्तर पुढच्या वर्षीही पाहता येईल. ऐंशी-नव्वदीतल्या आत्याची आठवण मात्र तोवर राहीलच असं नाही. मूळ गाव, भावंडांचा क्रम, लहानपणीच गेलेली मुलं, जुन्या फोटोंतले चेहरे हे आधी विचारा. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग करा.

2. आजी, पणजी आणि त्यांचं माहेर

लग्नानंतर आडनाव बदलतं आणि अनेक घरांत पहिलं नावही बदललं जायचं. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांतच माहेरची बाजू पुसली जाते. सॉफ्टवेअरमध्ये स्त्रीचं जन्मनाव मुख्य नाव म्हणून आणि सासरचं नाव पर्यायी म्हणून नोंदवा. माहेरचं गावही लिहा.

3. ज्यांचे कागद सापडू शकतात असे थेट पूर्वज

शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे गाव नमुना 14, जमिनीचे फेरफार आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, असे हे स्रोत आहेत. मूळ गाव आणि आडनाव माहीत असेल तर शोध बराच सोपा होतो.

इथे शोधाचा हेतू महत्त्वाचा ठरतो. जात पडताळणीसाठी वडिलांकडची बाजू आधी घ्यावी लागते. त्यातही ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 या तारखांपूर्वीच्या नोंदींना वजन असतं. घरातल्या आजारांचा इतिहास हवा असेल, तर आई आणि वडील या दोन्ही बाजूंचे रक्ताचे नातेवाईक पाहावे लागतात.

4. अडलात तर भावंडांकडे वळा

आजोबांचा दाखला मिळत नसेल तर त्यांच्या भावाचा किंवा बहिणीचा शोधा. सख्ख्या भावंडांच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव तेच असायला हवं. थेट पूर्वजाचं दार बंद झालं की अनेकदा हीच खिडकी उघडते.

5. सर्वांत शेवटी कोण?

दूरचे चुलत-मावस नातेवाईक आणि ‘आपण अमुक घराण्यातले’ ही ऐकीव गोष्ट. आडनाव एक असलं म्हणजे कूळ एक असतं असं नाही. छापील कुलवृत्तांत असेल तर जरूर वाचा. पण त्यातल्या नोंदी धागा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. जुन्या वृत्तांतांत मुली आणि सुनांचे तपशील बऱ्याचदा त्रोटक असतात.

सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम कसा लावायचा?

‘ग्रॅम्प्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्यक्तींना रंगीत टॅग लावता येतात आणि टॅगचा प्राधान्यक्रमही ठरवता येतो. ‘लगेच भेटायचं’, ‘कागद शोधायचे’ आणि ‘नंतर’ असे तीन टॅग पुरेसे आहेत. प्रत्येक माहितीसोबत ती कोणी सांगितली किंवा कुठल्या कागदावर मिळाली, हेही लिहा. अधूनमधून जेडकॉम फाइल काढून ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअर बदललं तरी मेहनत वाया जात नाही.

वंशावळ ऑनलाइन टाकणार असाल तर हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव लपवा. ओळख पटवण्यासाठी हेच प्रश्न विचारले जातात आणि भामट्यांनाही ते माहीत असतं.

सुरुवात कुठून करायची? कुटुंबातल्या सर्वांत वयस्कर तीन व्यक्तींची यादी करा आणि पहिल्या नावाला या रविवारीच फोन लावा.