उडालेलं विमान, उरलेला पगार : जेट एअरवेजची कहाणी

मंडळी, कुरुळीत बसून विमान कंपनीचा इतिहास कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या पट्ट्यात घरटी एक माणूस कंपनीत आहे. कंपनी बसते म्हणजे नेमकं काय होतं, ते आपण समजून घेतलं पाहिजे.

१९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढं जवळपास चाळीस वर्षं हा धंदा सरकारी राहिला. नव्वदीत दार उघडलं आणि ५ मे १९९३ रोजी नरेश गोयल यांची जेट एअरवेज मुंबईतून सुरू झाली, तीही भाड्याच्या चार बोइंग विमानांवर. वेळ पाळणारी, अदबीनं वागणारी कंपनी म्हणून तिचं नाव झालं. २००५ मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

मग २००७ मध्ये जेटनं १,४५० कोटींना एअर सहारा घेतली. वर्षभर आधीच इंडिगो स्वस्त तिकिटं घेऊन उतरली होती. म्हणजे खर्च वाढला, तेव्हाच भाडं उतरलं. २०१३ मध्ये एतिहादनं २४ टक्के हिस्सा घेतला, थोडा श्वास मिळाला, एवढंच.

आता यातली खरी मेख बघा. प्रवासी पैसे आगाऊ देतो, त्यामुळं तोटा असूनही गल्ल्यात रोकड खुळखुळत राहते. पण विमानं बहुतेक भाड्याची, आणि इंधन रोजचं. २०१९ मध्ये भाडं थकलं तशी मालकांनी विमानं काढून घेतली, बँकांनी तातडीचं कर्ज नाकारलं. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं.

कारखाना बंद पडला तर मागं जमीन, शेड, मशिनरी तरी उरते. इथं हजारो कामगारांची थकबाकी वसूल करायला फारसं काही उरलंच नाही. २०२१ मध्ये पुन्हा उभारणीची योजना मंजूर झाली, पण नव्या मालकांनी ठरलेले पैसे पूर्ण भरले नाहीत. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कंपनी अवसायनात काढली. त्या पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, मूळचे आपल्याच खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे.

तेव्हा कंपनीचा बोर्ड किती मोठा, हे आपण बघतोच. पण तिच्या मालकीचं काय आहे, आणि पगार तारखेला होतोय का, हेही विचारायला शिकूया.